भाऊजींना कुठं दुखतंय

आमच्या दत्ताभाऊजींना ऑटिझम आहे हे आम्हाला कळलं, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. म्हणजे तो जन्मापासून होताच. त्याचं नाव कळायला आम्हाला एकतीस वर्षं लागली.

दवाखान्याच्या त्या मजल्यावर आमच्याशिवाय सगळ्यांच्या मांडीवर लहान लेकरं होती. शेजारच्या बाईनं मला विचारलं, "तुमचं बाळ कुठंय?" जिन्यापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालणाऱ्या, दाढी वाढलेल्या, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढ्या उंच माणसाकडे मी बोट दाखवलं. तिनं आपल्या मुलाला जरा जवळ ओढलं. मग हळूच म्हणाली, "मोठेपणी असं असतं का हो?"

मी तेव्हा तिला उत्तर दिलं नाही. मलाच माहीत नव्हतं. हे लिहिते आहे ते बरंचसं तिच्यासाठी.

पत्रिकेतलं नाव

माझं माहेर धाराशिवकडचं. लग्न होऊन मी निघोज्याला आले. माझ्या वडिलांना सांगितलं होतं ते असं, की मुलगा चाकणच्या कंपनीत आहे, गावात स्वतःचं घर आहे, मागं कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या आहेत, सासरे नाहीत, सासू आहे आणि एक धाकटा दीर आहे. दीर "जरा भोळा" आहे. बस, एवढंच.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. दारात एक उंच माणूस माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "चिसौकां." आणि गेला. मला वाटलं शिवी दिली की काय. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तोंडाला पदर लावून हसल्या. "लग्नपत्रिका वाचलीया त्यानं. चि. सौ. कां. मनीषा. त्येच तुझं नाव समजतोय."

तेव्हापासून ते मला चिसौकांच म्हणतात. गाव त्यांना 'ए दत्त्या' म्हणतं. मी भाऊजी म्हणते आणि अहोजाहो करते. त्यात माझा काही मोठेपणा नाही. दिराला दुसरं काय म्हणतात?

आत्याबाईंनी त्यांचा दिवस बसवून दिला होता. भाकरीचे चार तुकडे, ताटात कोरडे. आमटी वेगळ्या वाटीत, तीही भाकरीला लागता कामा नये. कुकर लावायच्या आधी त्यांना बाहेर धाडायचं, कारण शिट्टी त्यांना सोसत नाही. सकाळी सहाला आणि दुपारी चारला खोल्यांच्या टाकीची मोटर सुरू करायची, हे त्यांचं काम. त्यात कधी मिनिटाचा फरक नाही. बाकी सगळा वेळ चालणं. फाटकापासून पलीकडच्या कंपनीच्या भिंतीपर्यंत, आणि परत. ऊन असो, चिखल असो. भाडेकरू त्यांच्या वाटेतून बाजूला व्हायला शिकले होते.

हे सगळं मी सहा-सात वर्षं रोज बघत होते. शिकत मात्र नव्हते. आत्याबाई होत्या ना.

दीड महिना

आत्याबाई भर दुपारी गेल्या. छातीत कळ आली म्हणाल्या आणि रिक्षा येईपर्यंत संपलं.

पुढचे तेरा दिवस घरात माणूस मावत नव्हतं. चूल बदलली, ताट बदललं, भाकरीवर कुणी आमटी ओतली. भाऊजींनी संतोषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं, "आई कुठं?" संतोष म्हणाला, "देवाघरी गेली." भाऊजी तसेच उठून देवळात गेले. गाभाऱ्यात शिरून मूर्तीच्या मागं बघून आले. गुरवानं हाकललं तेव्हा परत आले आणि म्हणाले, "न्हाई."

त्यानंतर त्यांनी आईचं नाव काढलं नाही. आम्हाला वाटलं, बरं झालं, विसरले.

दीड महिन्यानं सुरू झालं. आधी ताट सरकवलं. मग उजव्या गालावर मूठ मारायला लागले. थप्पड नाही, मूठ. ठक, ठक, ठक. आणि चालण्याला ताळ राहिला नाही. फाटक ते भिंत सुटलं. आता फाटकाबाहेर, थेट मोठ्या रस्त्याला, जिथं कंपन्यांचे कंटेनर जातात तिथं. एकदा म्हाळुंग्याजवळ सापडले. एकदा कुठल्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीनं बसवून ठेवले होते. म्हणजे, बसवायचा प्रयत्न केला होता. तिसऱ्या वेळी ट्रेलरवाल्यानं ब्रेक मारला तो आवाज मी घरातून ऐकला. अनवाणी पळत गेले. ड्रायव्हर खाली उतरून चाकांपाशी बघत होता. भाऊजी पुढं चालतच होते, मूठ गालावर.

प्रत्येकाकडे कारण तयार होतं. आईचं मनाला लागलंय. चुलत सासरे म्हणाले, बाहेरचं हाय, देवऋष्याला दाखवा. संतोषनं एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी डोकं शांत करायच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी भाऊजी बसल्या बसल्या पेंगायचे, लाळ गळायची, उठताना पाय घसरायचे. पण पेंगतानासुद्धा मूठ वर यायची. त्याच गालावर.

हे मी बघितलं आहे. रोज बघितलं. आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

कुलूप

हा भाग गाळावा असं फार वाटलं.

संतोषच्या शिफ्ट दर आठवड्याला बदलतात. त्या आठवड्यात सेकंड होती, म्हणजे दुपारी निघून गेलेला. भाऊजींना मी सकाळपासून दोनदा रस्त्यावरून ओढून आणलं होतं. माझ्या दंडावर त्यांच्या बोटांचे वळ होते. तेवढ्यात शाळेतून फोन आला, मुलीला ताप आहे, घेऊन जा. आमची ईश्वरी तेव्हा सहा वर्षांची.

मी भाऊजींना धान्याच्या खोलीत नेलं. "भाऊजी, आत या, पोतं सरकवायचंय," म्हणाले. ते आत आले आणि मी बाहेरून दार ओढून कुलूप लावलं. अर्ध्या तासाचं काम, असं मनाला सांगितलं.

शाळेत वेळ गेला, मग औषधाच्या दुकानात गर्दी. दीड तास झाला. परतताना गल्लीच्या तोंडाशीच दाराचा आवाज ऐकू आला. मग आवाज थांबला, ते जास्त वाईट होतं.

दार उघडलं. भाऊजी उभे होते. बोटांच्या नखांतून रक्त आलेलं, गाल सुजून डोळा बारीक झालेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "चिसौकां, मोटर."

साडेचार वाजून गेले होते. चारची मोटर राहिली होती. मला बाजूला सारून ते गेले आणि बटण दाबलं. मी तिथंच पोत्यावर बसले. ईश्वरी तापानं फणफणत माझ्या मांडीला टेकून उभी होती, आणि मी लेकराला जवळसुद्धा घेतलं नाही.

थोड्या वेळानं शबानाभाभी आल्या. आमच्या खोल्यांतल्या तीन नंबरला त्या राहतात, त्यांच्या मिस्टरांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. मला वाटलं आता बोलणार. त्या म्हणाल्या, "ताई, मी दाराबाहेर बसले होते. त्यांच्याशी बोलत होते. ताई येतायत, ताई येतायत, असं. पण कुलूप होतं."

मला रडूसुद्धा येईना. त्यांनी ईश्वरीला उचलून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "भोसरीला माझ्या बहिणीचा पोरगा आहे. असाच. असंच चालतो, कुकरला असाच घाबरतो, एकच शब्द धरून बसतो. पिंपरीच्या दवाखान्यात नेतात त्याला. तुमच्या भाऊजींना बघून मी बहिणीला कधीच म्हटलं होतं, की हे तेच आहे. पण तुम्हाला कसं सांगायचं? मालकाच्या घरातलं. म्हणून गप्प बसले."

जागा

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संतोषला कुलुपाचं सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "जुन्नरच्या पुढं एक संस्था हाय. अशी माणसं ठेवत्यात. मी बोललोय त्यांच्याशी. पुढल्या महिन्यात जागा व्हतीया."

"कधी बोललात?"

"झालं की पंधरा दिवस."

आता खरं लिहिते. मला आधी राग आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. रस्त्यावर पळावं लागणार नाही, वळ नाहीत, कुलूप नाही. एक क्षण मी रिकामं घर बघितलं आणि मला ते आवडलं. राग मागून आला, आणि तो बहुतेक स्वतःचाच होता. पण निघाला संतोषवर.

"आत्याबाईंना जाऊन तीन महिने नाही झाले. लई घाई झाली की तुम्हाला!"

"मग काय करू? तुझ्या अंगावर टाकून मी कंपनीत जातोय, मला काय गोड वाटतंय व्हय? लायनीवर उभा असतो आन् फोन वाजला की वाटतंय, आज ट्रेलरखाली गावला म्हणतील का उद्या."

तो खोटं बोलत नव्हता. आमच्या दोघांतलं कुणीच खोटं बोलत नव्हतं, म्हणून भांडण मिटेना. शेवटी मी एवढंच म्हणाले, "नेण्याआधी एकदा पिंपरीला दाखवू. एकदाच."

"एकदा," संतोष म्हणाला.

मग्न

निघोज्याहून पिंपरीला रिक्षानं गेलो. तळवड्याच्या अलीकडे गाड्या तुंबल्या आणि भाऊजी सरळ उतरून चालायला लागले. संतोष मागं पळाला. रिक्षावाला म्हणाला, "राव, हे असं असंल तर मला आधी सांगायचं ना." पण तो थांबला, आणि पुढच्या सिग्नलला स्वतःच म्हणाला, "भाऊ, तुम्ही कडेला बसा, त्यांना मधी घ्या." त्या दिवसांत असं कुणी काही बोललं की मला लगेच भरून यायचं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी आमचा नंबर पुकारला. भाऊजी खोलीत बसेनात. मॅडम उठल्या, बाहेर आल्या आणि त्यांच्या बरोबरीनं चालायला लागल्या, जिना ते खिडकी, खिडकी ते जिना. हातात वही. चालता चालता आम्हाला प्रश्न. बोलायला कधी लागले? शाळेत काय झालं? लहानपणी कुणाशी खेळायचे?

मला काहीच माहीत नव्हतं. माहीत होतं ती आत्याबाईंना. संतोष आठवून आठवून सांगायला लागला. पाच वर्षांचा होईस्तोवर बोलला नाही. तिसरीतून शाळेनं काढलं, घंटा झाली की कान दाबून किंचाळायचा. मग संतोष थांबला. म्हणाला, "पोरं त्याला दगडं मारायची. मला विचारायची, तुझा भाऊ हाय का. मी न्हाई म्हणायचो." एवढं बोलून तो पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मॅडमनी सांगितलं. ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात.

"मग्न?" संतोष म्हणाला. "मॅडम, हा कुठं मग्न हाय? ह्याला एका जागी दम न्हाई."

मॅडम हसल्या. "नाव कुणीतरी ठेवलंय. नावावर जाऊ नका."

"ते लहान पोरांचं असतंय ना पण?"

"लहान पोरं मोठी होतात की."

"बरा कधी होईल?"

"हा उतरणारा ताप नाही. ते असे आहेत. आपण आजूबाजूचं सोपं करायचं, त्यांना थोडं शिकवायचं, आपण जास्त शिकायचं."

मला वाटलं होतं नाव कळलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. डोक्यात एकच, की म्हणजे हे असंच राहणार, रस्ता, मूठ, सगळं. मी तेच बोलून दाखवलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "चालणं, आवाज न सोसणं, भाकरीचे तुकडे, हे ऑटिझमचं. पण गालावर मारणं कधीपासून?"

"आत्याबाई गेल्या त्याच्या दीड महिन्यानं."

"मग जन्मापासूनची गोष्ट ती कशी असेल? दुःख होईल त्यांना, होतच असेल. पण दुःख एकाच गालात नसतं. तोंड बघितलंय कुणी त्यांचं?"

मी आणि संतोषनं एकमेकांकडे बघितलं. कुणीही बघितलं नव्हतं.

एक ते पाच

ते तोंड उघडेनात. तिथंही नाही, दातांच्या डॉक्टरांकडेही नाही. धरून उघडायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. एकदा जबरदस्ती केली की पुढची सगळी वर्षं तोंड बंद. दुखणं कमी व्हायचं औषध दिलं, आधीच्या डॉक्टरांच्या गोळ्या एकदम न थांबवता हळूहळू कमी करायला लावल्या, आणि घरी करायला एक गोष्ट सांगितली. त्यांच्यासमोर तुम्ही एकमेकांची तोंडं बघा. मोठ्यानं एक ते पाच मोजा. पाचला थांबायचं म्हणजे थांबायचं.

झालं. शिफ्ट कुठलीही असो, संतोष घरी असला की अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा, आ करायचा, आणि मी मोबाईलची बॅटरी लावून आत बघायची. एक, दोन, तीन, चार, पाच. मग मी बसायची आणि तो बघायचा. खोल्यांमधले कामगार ड्युटीवरून येता-जाता थांबायचे. कुणीतरी हसलं. संतोष वैतागला, "मी काय बैल हाय व्हय, बाजारात दात बघायला?" पण दुसऱ्या दिवशी आपणहून खुर्ची मांडली. एक दिवस शबानाभाभींनीही येऊन आ केला. भाऊजी फेऱ्या मारतच होते, पण फेरी आमच्या जवळून जायला लागली.

नवव्या दिवशी ते खुर्चीसमोर उभे राहिले आणि तोंड उघडलं. संतोष मोजायला लागला. मी बॅटरी मारली. उजवीकडची खालची शेवटची दाढ निम्मी तुटलेली, हिरडी टरारून सुजलेली, पू. आणि वास. पाचला मी मोबाईल खाली घेतला.

इतके दिवस एका घरात राहून हा वास मला आला नव्हता. आत्याबाई असत्या तर पहिल्या दिवशी ओळखलं असतं, असं वाटून मी रात्रंदिवस स्वतःला टोचत राहिले. आता वाटतं, कदाचित त्यांनाही नसतं कळलं. त्यांना भाकरी कळत होती, भूक कळत होती. दुखणं त्यांना कोण सांगणार होतं?

सकाळचा पहिला नंबर

भूल देऊन दाढ काढायची ठरली. सकाळपासून पाणीसुद्धा द्यायचं नाही. ज्या माणसाचा दिवस मिनिटावर बसलाय त्याला हे कसं समजवायचं? मी एका कागदावर चित्रं काढली, ताटावर फुली, मग रिक्षा, मग पलंग, मग परत ताट. माझी चित्रं भयाण असतात. पण त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि दहादा काढून बघितला.

वॉर्डातलं सगळंच त्यांच्या विरुद्ध. ट्यूबलाईटची घरघर, फिनेलचा वास, स्टीलच्या ट्रेचा खणखणाट, मनगटाला चिकटवलेली नावाची पट्टी. ती त्यांनी दोनदा तोडली. हिरवा झगा घालेनात. सगळा मजला आमच्याकडे बघत होता.

तिथं एक वयस्कर सिस्टर होत्या. त्यांनी पट्टी भाऊजींच्या ऐवजी संतोषच्या मनगटाला बांधली आणि म्हणाल्या, "भाऊ बरोबर येणारच आहे आतपर्यंत, मी दोघांना ओळखते." झगा बाजूला ठेवला. "बनियनवर राहू दे. झोपले की आम्ही बदलू." आणि आमचा नंबर पहिला लावून घेतला, म्हणजे थांबायला नको. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. मी त्यांचं नावही विचारलं नाही, ते अजून टोचतं.

संतोष आत गेला. त्यानं मोजलं, एक, दोन, तीन. पुढचं त्याला मोजावं लागलं नाही म्हणे.

बाहेर येऊन तो माझ्या शेजारी बसला. मनगटावर भावाच्या नावाची पट्टी. म्हणाला, "काल संस्थेला फोन केलता. जागा ठेवा म्हणालो." पट्टी बोटानं फिरवत तो म्हणाला, "दाढेनं सगळं थांबंल असं थोडंच हाय?"

"नाही," मी म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं.

भूल उतरली तो तास फार वाईट गेला. तोंडात रक्त, आपलंच तोंड बधीर, सलाईन ओढून काढली. संतोषच्या शर्टाला, भिंतीला, सगळीकडे रक्त. मग ते झोपले. नुसते पेंगले नाहीत, झोपले. दुपारभर, पालथे, तोंड उघडं. दोन महिन्यांत मी त्यांना असं झोपलेलं बघितलं नव्हतं. संतोष पलंगाच्या टोकाशी बसून होता, कुणी मोठ्यानं बोललं की त्याच्याकडे डोळे वटारायचा.

त्यानंतरचं

पाचव्या दिवशी, मऊ खायला सांगितलेलं असताना, त्यांनी भाकरी मागितली. मूठ हळूहळू कमी झाली. अजून कधी कधी येते, पूर्ण गेलेली नाही. चालणं परत फाटक ते भिंत. रस्त्याला गेले नाहीत, पण त्या बाजूला ब्रेक वाजला की मी अजूनही हातातलं टाकून फाटकात जाते. धान्याच्या खोलीचं दार मी बिजागरीतून काढून टाकलं.

संस्थेचा फोन आला तेव्हा संतोष म्हणाला, "सध्या ऱ्हाऊ द्या." त्या 'सध्या'चं काय करायचं ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. आमच्या मागं कोण, हा प्रश्न तिथंच आहे. मी कुणाला उपदेश करणार नाही. ज्यांनी आपलं माणूस कुठं ठेवलं असेल, त्यांना तर मुळीच नाही. मी ते रिकामं घर बघितलेलं आहे.

मॅडमनी आम्हाला एकच मोठं काम दिलं. त्यांना 'दुखतं' शिकवा. शरीराचं चित्र भिंतीला लावलं. बोट ठेवायचं आणि म्हणायचं, डोकं दुखतं, पोट दुखतं. पहिले दोन महिने भाऊजी अंघोळ चुकवायला म्हणायचे, "गुडघा. दुखतं." संतोष चिडायचा. मॅडम म्हणाल्या, "खोटं वाटलं तरी दरवेळी खरं माना. नाहीतर खरं सांगणार नाहीत." म्हणून आम्ही अंघोळीच्या वेळी रोज गुडघ्याला तेल लावलं. चांगल्या धडधाकट गुडघ्याला.

मग एका चुलत पुतण्याचा साखरपुडा होता, मोशीजवळच्या कार्यालयात. स्पीकर असणार म्हणून जावं की नाही यावर आमचं दोन दिवस चाललं होतं. शेवटी संतोषनं कंपनीतले, मशीनवर कानाला लावतात ते कर्णरक्षक आणले, आणि ठरवलं की तोंड दाखवून जेवून निघायचं. भाऊजी ते कानाला लावून बाहेर, गाड्या लावतात तिथं चालत होते. मी बायकांत बसले होते. समोर पुरुषांची पंगत, संतोष चुलत सासऱ्यांच्या शेजारी.

मी बघितलं तर भाऊजी आत आलेले. कर्णरक्षक गळ्यात. एवढ्या आवाजात, पंगतीच्या मधून, वाढप्यांना चुकवत सरळ चाललेले. मला वाटलं माझ्याकडे येतायत, मी उठायला लागले. ते माझ्याकडे आले नाहीत. संतोषच्या ताटासमोर उभे राहिले. डाव्या कानावर बोट ठेवलं. "संत्या. कान. दुखतं."

चुलत सासरे म्हणाले, "आरं, जेऊ दे की त्याला. जा, भाईर जा."

संतोषनं हातातला घास ताटात ठेवला आणि भर पंगतीतून उठला. मला हाक मारली नाही, कुणाला काही सांगितलं नाही. मी पिशवी आणि ईश्वरी गोळा करेपर्यंत दोघं फाटकापर्यंत पोचले होते. भाऊजी पुढं, आणि मागं संतोष, उष्टा हात अंगापासून लांब धरून.

खोटं कशाला बोलू, मला थोडं लागलं. इतकी वर्षं ज्याची भाकरी मी तोडते, त्यानं सांगितलं ते भावाला.

ते दोघं परस्पर चाकणला कानाच्या डॉक्टरांकडे गेले. घरी आले तेव्हा भाऊजी आले तसे फेरीला लागले. संतोष पायरीवर बसला.

"काय निघालं?"

"मळ. नुसता मळ व्हता. काढला." तो हसला आणि हातानं तोंड पुसलं. "आगं, डॉक्टरनं मलाच इचारलं, कुणाचं दुखतंय म्हणून. नेहमी मलाच इचारत्यात ना. मी बोलायच्या आत हा म्हणाला, दत्ताचं."

"हो?"

"दत्ताचं म्हणाला, आन् आपला आपण जाऊन खुर्चीत बसला."